सूर्याचा उजेड अडवून पृथ्वी थंड करायची म्हणतात, पण कोणाला विचारून?

सूर्यप्रकाश थोडासा अडवून पृथ्वी थंड करायची असं कोणी म्हटलं तर पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते काहीतरीच वाटतं. पण या विषयावर आता खरे पैसे लागलेत. ब्रिटन सरकारच्या आरिया नावाच्या संस्थेने मे २०२५ मध्ये यासाठी ५.६८ कोटी पाउंड जाहीर केले, त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टारडस्ट नावाच्या एका खाजगी कंपनीने गुंतवणूकदारांकडून ६ कोटी डॉलर उभे केले, आणि दुसऱ्या बाजूला शेकडो संशोधक सह्या करून सांगतायत की हे तंत्रज्ञान वापरायचंच नाही असा जगभरात करार करा. या सगळ्या ओढाताणीत ज्यांचं पोट पावसावर आहे ते लोक, म्हणजे आपण, फारसे कुठे दिसत नाही. गोव्यात वर्षाचा तीन हजार मिलीमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळाच जून ते सप्टेंबरात पडतो, साळावलीचं धरण त्याच्यावर भरतं, सत्तरी-सांग्यातल्या बागायती त्याच्यावर, भातशेती त्याच्यावर, विहिरींचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरणार की नाही तेही त्याच्यावर. मग आकाशात काही सोडायच्या गोष्टी कोणी करत असेल तर ती भानगड आपल्याला नीट कळलेली बरी, म्हणून जमेल तेवढं सोपं करून लिहितोय.

आधी दोन गोष्टी बाजूला काढूया, कारण त्यांची सरमिसळ फार होते. एक म्हणजे कृत्रिम पाऊस. तो वेगळा. त्यात आधीच आलेल्या ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात आणि परिणाम झालाच तर त्या भागापुरता, त्या दिवसापुरता होतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने सोलापूर भागात यावर रीतसर प्रयोग केलेत. दुसरी गोष्ट म्हणजे विमानाच्या मागे दिसणारी पांढरी रेघ. अवकाळी पाऊस पडला की लगेच मेसेज फिरायला लागतात की विमानातून गुपचूप फवारणी चाललीय. ती रेघ म्हणजे इंजिनातून निघालेली वाफ, वरच्या थंड हवेत तिचा बर्फ होतो. हवेत ओलावा असला की रेघ बराच वेळ राहते, हवा कोरडी असली की लगेच विरते. हे मुद्दाम सांगतोय कारण या अफवांच्या गर्दीत खरा प्रश्न हरवतो, आणि खरा प्रश्न पुरेसा गंभीर आहे.

आता मूळ कल्पना. पृथ्वीवर येणाऱ्या उजेडातला साधारण ३० टक्के भाग ढग, बर्फ, वाळवंटं, हवेतले कण यांच्यावर आदळून परत अवकाशात जातो. बाकीचा बराचसा जमीन आणि समुद्र शोषून घेतात आणि ती उष्णता परत वर जायला लागते, पण वाटेत कार्बन डायऑक्साइड आणि बाकीचे वायू ती अडवतात. आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून हे वायू वाढवले म्हणून उष्णता जास्त अडकते. यावर खरा उपाय म्हणजे जाळणं कमी करणं. पण काही शास्त्रज्ञ म्हणतात की ते होईपर्यंत, परत जाणारा तो ३० टक्क्यांचा भाग अगदी थोडासा वाढवता आला तर? हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तरी त्याने वाढणारं सरासरी तापमान खाली आणायला सूर्यप्रकाश साधारण २ टक्क्यांनी कमी झाला तर पुरतो असं गणित येतं. आकडा छोटा आहे, डोळ्यांना तो उजेडातला फरक कळणारही नाही. सगळा मोह या छोट्या आकड्याचाच आहे.

हे होऊ शकतं याचा पुरावा निसर्गानेच दिलाय. १५ जून १९९१ ला फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला आणि त्याने जवळजवळ दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, इतका वर की तो पावसाच्या ढगांच्याही पलीकडे स्ट्रॅटोस्फिअरमध्ये पोचला. तिथे त्याचे सल्फ्युरिक ॲसिडचे अतिसूक्ष्म थेंब झाले, काही आठवड्यांत ते पृथ्वीभोवती पसरले आणि पुढच्या वर्षभरात जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने खाली आलं. मग दोनेक वर्षांत थेंब खाली उतरून गेले आणि तापमान परत वर. उंची इथे महत्त्वाची आहे. खालच्या हवेत सोडलेला सल्फर काही दिवसांत पावसाबरोबर धुऊन जातो, पण वर १८-२० किलोमीटरवर पाऊसच नाही, त्यामुळे तिथे कण वर्ष-दीड वर्ष टिकतात. प्रवासी विमानं १०-१२ किलोमीटरवर उडतात, म्हणजे या कामाला वेगळीच विमानं लागतील.

ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बुडिको यांनी १९७० च्या दशकातच मांडली होती, पण तिच्यावर उघड बोलायला लोक कचरायचे. २००६ साली पॉल क्रुट्झन यांनी यावर लेख लिहिला आणि चर्चा सुरू झाली. क्रुट्झन म्हणजे ओझोनच्या रसायनशास्त्रावर १९९५ चं नोबेल मिळालेला माणूस, त्यांना दुर्लक्षित करणं कोणाला शक्य नव्हतं. उत्सर्जन कमी करणं हाच योग्य मार्ग आहे हे त्यांनी त्याच लेखात लिहिलंय, फक्त जग ते करत नाहीये हे बघून त्यांनी हा पर्याय तपासायला सांगितलं. त्यांचं नाव घेऊन जे लोक घाईघाईने फवारणी करायला निघतात ते लेखाचा हा अर्धा भाग सांगत नाहीत.

दुसरा एक प्रकार आहे, समुद्रावरचे ढग जास्त पांढरे करायचा. समुद्राचंच पाणी अतिशय बारीक फवारून मिठाचे कण हवेत सोडायचे, म्हणजे खालच्या ढगांत जास्त आणि लहान थेंब तयार होतात आणि ढग जास्त उजेड परत पाठवतो. जॉन लॅथम यांनी १९९० मध्ये हे सुचवलं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफवर प्रवाळ उष्णतेने मरतायत म्हणून २०२० पासून याचे छोटे प्रयोग चाललेत, तिथे सावली पाहिजे ती फक्त त्या भागापुरती आणि उन्हाळ्यापुरती. अवकाशात आरसे लावायचीही कल्पना आहे, पण ती इतकी दूरची आहे की त्यावर वेळ घालवत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, उजेड अडवायचं काम आपण नकळत आधीपासून करतोयच. कोळशाच्या धुरातला आणि जहाजांच्या इंधनातला सल्फर हवेत कण तयार करतो, आणि मानवी प्रदूषणातल्या अशा कणांनी आत्तापर्यंत साधारण अर्धा अंश तापमानवाढ झाकून ठेवलीय असा हवामान शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमाने जहाजांच्या इंधनातला सल्फर ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आणला, मुरगाव बंदरात येणाऱ्या जहाजांनाही तो लागू आहे, आणि त्यानंतर समुद्रावर जहाजांच्या मागे दिसणाऱ्या ढगांच्या रेषा उपग्रहातून कमी दिसायला लागल्या. नियम बरोबरच होता, तो धूर माणसं मारतो. पण हवा स्वच्छ करताना झाकलेली गरमी थोडी उघडी पडते हे आता शास्त्रज्ञ मोजतायत, आणि या विषयाचा अभ्यास करायला हवा असं मला वाटतं त्याचं हे एक मोठं कारण आहे. जे आधीच घडतंय ते समजून घ्यायला घाबरून कसं चालेल.

आता तोटे. काही तर सरळच आहेत. उजेड अडवला तरी कार्बन डायऑक्साइड हवेत तसाच राहतो, त्यामुळे समुद्र आम्लधर्मी होत जाणं थांबत नाही, म्हणजे शिंपल्या-कालवांना आणि प्रवाळांना जो त्रास व्हायचा तो होतच राहतो. सल्फरचे थेंब वरच्या हवेतल्या क्लोरिनला ओझोन खायला मदत करतात, पिनाटुबोनंतर ओझोन कमी झालेला मोजला गेलाय. शिवाय हे थेंब स्वतः थोडी उष्णता शोषतात, त्याने वरची हवा तापते आणि तिथले वारे बदलतात. म्हणून काही संशोधक सल्फरऐवजी चुनखडीसारखे कण तपासतायत, पण पिनाटुबोसारखा खऱ्या आकाशातला मोठा पुरावा सल्फरच्याच पाठीशी आहे, बाकी सगळं प्रयोगशाळेत आणि कॉम्प्युटरवर.

त्याहून मोठी भीती थांबण्याची आहे. समजा ३०-४० वर्षं दरवर्षी कण सोडत राहिलो, आणि त्या काळात कार्बन जाळणं मात्र चालूच ठेवलं. मग युद्ध झालं, सरकार बदललं, कंपनी बुडाली, आणि फवारणी अचानक बंद पडली. कण वर्ष-दोन वर्षांत खाली येतात, कार्बन शेकडो वर्षं तिथेच, त्यामुळे इतक्या वर्षांची झाकलेली गरमी दहा-वीस वर्षांत एकदम अंगावर येते. हळूहळू चढणाऱ्या तापमानाशी झाडं, पिकं, मासे, माणसं काहीतरी जुळवून घेतात, एवढ्या वेगाने चढणाऱ्या तापमानाशी घेता येत नाही. म्हणून सुरू करतानाच थांबायचं कसं, किती वर्षांत आणि कोणत्या क्रमाने कमी करत आणायचं, हे ठरलेलं नसेल तर सुरू करायचा हक्कच कोणाला नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता आपला विषय, पाऊस. तापमान आणि पाऊस एकाच चावीने चालत नाहीत. पाऊस पडायला आधी पाण्याची वाफ व्हायला लागते आणि ती वाफ करायचं काम मुख्यतः जमिनीवर आणि समुद्रावर पडणारं ऊन करतं. ऊन कमी केलं की वाफ कमी. आता बेंगळुरूच्या आयआयएससीत, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेत, असलेले गोविंदसामी बाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच दाखवलं, की कार्बनमुळे वाढलेलं तापमान ऊन कमी करून बरोबर जुन्या जागी आणलं तरी जगाचा एकूण पाऊस जुन्या जागी येत नाही, तो आधीपेक्षा कमी होतो. पिनाटुबोनंतरच्या वर्षात जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांमधलं पाणी ठळकपणे घटलं होतं, ते याच्याशी जुळतं.

दुसरी बाब जास्त नाजूक आहे. विषुववृत्ताच्या आसपास पावसाचा एक पट्टा पृथ्वीभोवती फिरलेला असतो, आपल्याकडे उन्हाळ्यात तो उत्तरेला सरकतो आणि त्याच्याबरोबर मान्सून येतो. हा पट्टा ज्या गोलार्धात जास्त गरमी तिकडे ओढला जातो. आता कोणी फक्त उत्तर गोलार्धात कण सोडले, समजा युरोप-अमेरिकेला त्यांचे उन्हाळे थंड हवेत म्हणून, तर उत्तर गार पडते आणि पट्टा दक्षिणेला सरकतो. इंग्लंडमधल्या जिम हेवूड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की उत्तर गोलार्धातल्या मोठ्या ज्वालामुखींनंतर आफ्रिकेच्या साहेल भागात दुष्काळ पडलेत, आणि फक्त उत्तरेत कण सोडले तर हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्येही तेच होतं. बाला यांच्याच गटाने २०१८ मध्ये आर्क्टिकचं बर्फ वाचवायला फक्त तिकडे कण सोडले तर काय होईल ते पाहिलं, तर उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला गेला आणि आपल्या बाजूच्या मान्सूनचा पाऊस कमी झाला; दक्षिण गोलार्धातही योग्य प्रमाणात कण सोडले की हा सरकणारा पट्टा बराचसा सावरतो असंही त्यांना दिसलं. म्हणजे किती सोडलं यापेक्षा कुठे सोडलं हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. ध्रुवावरचं बर्फ वाचवायचा चांगला हेतू आणि सत्तरीतल्या कुळागराचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेचं, पाणी, या दोन गोष्टी अशा बांधलेल्या आहेत.

हे सगळं खरं असेल तर मग सरळ बंदी का नको, असं विचारणारे बरेच आहेत आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. ते म्हणतात, असा पर्याय आहे हे दिसलं की तेलकंपन्या आणि सरकारं कार्बन कमी करायचं टाळतील. शिवाय पृथ्वीचं तापमान किती ठेवायचं हे कोण ठरवणार, त्यावर जगाचं एकमत होणं शक्य नाही, म्हणून हा रस्ताच बंद करा. २०२४ ला नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत स्वित्झर्लंडने नुसता अभ्यासगट नेमायचा ठराव आणला होता, तोही शेवटी मागे घ्यावा लागला, कारण आफ्रिकेतले देश आणि आणखी काहीजण वापरबंदीच्या बाजूने उभे राहिले. २०१९ ला तिथेच असाच ठराव बारगळला होता, तेव्हा विरोधात अमेरिका आणि सौदी अरेबिया होते. त्याआधी २०१० मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी जपानमध्ये ठरवलं होतं की पुरेसा शास्त्रीय आधार आणि नियंत्रण नसताना मोठ्या प्रमाणात असं काही करू नये, छोटे नियंत्रित प्रयोग चालतील. पण तो ठराव बंधनकारक कायदा नाही आणि अमेरिका त्या करारात नाहीच.

मला वापराची घाई अजिबात मान्य नाही, पण अभ्यासावरची बंदीही मान्य नाही. कारण हे तंत्रज्ञान स्वस्त आहे, आणि हीच त्याची सगळ्यात धोकादायक बाजू. २०१८ मधल्या एका हिशोबात पहिली पंधरा वर्षं दरवर्षी साधारण सव्वादोन अब्ज डॉलर एवढाच खर्च आला होता. हा आकडा एकटा एखादा मध्यम देश उचलू शकतो, एखादा अतिश्रीमंत माणूसही उचलू शकतो. उद्या कोणीतरी भयंकर उष्णतेच्या लाटेनंतर घाबरून हे सुरू केलं, आणि त्या वेळी आपल्याकडे स्वतःचा अभ्यास नसला, तर आपल्या पावसाचं काय होणार हे आपल्याला तेच लोक सांगतील ज्यांनी ते सुरू केलं.

मग अभ्यास कसा करायचा, तर यासाठी गोव्यातल्याच एका संस्थेचा हात असलेला एक प्रयोग बघण्यासारखा आहे. तो उजेड अडवण्याचा नव्हता, समुद्राने जास्त कार्बन शोषावा म्हणून पाण्यात लोह घालण्याचा होता, पण त्यातले प्रश्न तेच. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आपण जिला एनआयओ म्हणतो, आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ च्या सुरुवातीला पोलारस्टर्न या जर्मन जहाजावरून दक्षिण महासागरात लोहाफेक्स नावाचा प्रयोग केला. एनआयओचे वाजिह नकवी आणि जर्मन संस्थेचे व्हिक्टर स्मेटाचेक त्याचे प्रमुख होते. जहाज निघाल्यावर पर्यावरण संघटनांनी आक्षेप घेतला, जर्मन पर्यावरण मंत्रालय विरोधात गेलं, प्रयोग थांबवून धरला गेला, परत एकदा स्वतंत्र शास्त्रज्ञांकडून तपासणी झाली आणि मग परवानगी मिळाली. मग साधारण ३०० चौरस किलोमीटरच्या पाण्यात लोह विरघळवून जहाज पाच-सहा आठवडे त्या पाण्याच्या मागे फिरत मोजत राहिलं. शेवाळ वाढलं, दोन आठवड्यांत दुप्पटही झालं, पण त्या पाण्यात सिलिका कमी असल्यामुळे टणक कवचाच्या डायटम जातीचं शेवाळ वाढलंच नाही, जे वाढलं ते मऊ होतं आणि ते बारीक कोळंबीसारख्या जीवांनी खाऊन टाकलं. खोल समुद्रात जायला कार्बन फारसा उरला नाही.

प्रयोग फसला असं तेव्हा बऱ्याच ठिकाणी छापून आलं. माझ्या मते तो या क्षेत्रातल्या सर्वात उपयोगी प्रयोगांपैकी एक आहे. लोह टाका आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे शोषलेल्या कार्बनच्या बदल्यातली प्रमाणपत्रं, विका असं म्हणणाऱ्या कंपन्या त्या काळात तयार होत होत्या, आणि या लोकांनी भर समुद्रात जाऊन, मोजून, उघडपणे जगाला सांगितलं की बाबांनो, वाटतं तेवढं सोपं नाही. विकायला काही नव्हतं म्हणून नको ते उत्तर लपवायचं कारणही नव्हतं. सरकारी पैसा, दोन देशांच्या संस्था, निकाल सगळ्यांना वाचता येतील असे. कमतरता एकच राहिली, परवानगीचा वाद जहाज निघाल्यानंतर झाला, तो निघायच्या आधी व्हायला हवा होता.

हाच धडा पुढे परत परत आला. हार्वर्डच्या स्कोपेक्स प्रयोगात वरच्या हवेत दोन किलोपेक्षाही कमी चुनखडी सोडायची होती. वजन बघाल तर काहीच नाही. पण २०२१ मध्ये स्वीडनमधल्या किरुनाहून त्यांना आधी नुसता फुगा आणि यंत्रं तपासायला उडवायचं होतं, कण सोडायचेच नव्हते, तरी तिथल्या सामी आदिवासींच्या परिषदेने विचारलं की आमच्या डोक्यावर हे करताना आम्हाला विचारलं का? विचारलं नव्हतं. उड्डाण रद्द झालं आणि २०२४ मध्ये अख्खा प्रकल्प बंद पडला. कॅलिफोर्नियात अलामेडा शहरात एप्रिल २०२४ मध्ये एका जुन्या युद्धनौकेच्या डेकवरून मिठाच्या पाण्याचा फवारा मारून बघायचं काम सुरू झालं, शहराच्या तज्ज्ञांना त्यात आरोग्याला धोका दिसला नाही, तरी नगर परिषदेला वर्तमानपत्रातून कळल्यासारखं झालं आणि त्यांनी जूनमध्ये ते थांबवलं. दोन्हीकडे धोका नगण्य होता. लोकांना आधी न सांगितल्याने विश्वास गेला आणि विश्वासाबरोबर प्रयोगही गेला.

याच्या अगदी उलट टोकाला मेक सनसेट्स नावाची अमेरिकन कंपनी. २०२२ मध्ये त्यांनी मेक्सिकोत फुग्यात सल्फर डायऑक्साइड भरून सोडला, कुठे किती उंचीवर फुटला हे नीट मोजलंही नाही, आणि लोकांना पैसे घेऊन थंडाव्याची क्रेडिट विकायला लागले. जानेवारी २०२३ मध्ये मेक्सिको सरकारने असे प्रयोग बंद करण्याची घोषणा केली, आणि करायलाच हवी होती. स्टारडस्टचं प्रकरण यापेक्षा गंभीर आहे कारण तिथे खरे शास्त्रज्ञ आहेत आणि खरा पैसा आहे, पण पैसे उभे केले त्या वेळी त्यांचा खास कण नक्की कशाचा बनलाय हे जगाला सांगितलेलं नव्हतं, पेटंटनंतर सांगू असं धोरण होतं. आठ अब्ज लोकांच्या श्वासाच्या वरती जे जाणार, त्याची रेसिपी मालकीची असून कशी चालेल? ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये स्पाइस नावाच्या प्रकल्पातला फुगा-आणि-नळीचा प्रयोग रद्द झाला तेव्हा पेटंटमधले हितसंबंध हे एक कारण होतं, म्हणजे हे धोके पहिल्यांदा दिसतायत असंही नाही.

हे सगळं वाचताना मला आपल्या खाजन शेतांचं मानस आठवतं. मांडवी-झुआरीच्या काठची ही शेतं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, बांध घालून राखलेली, आणि नदीचं खारं पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा म्हणजे मानस. मानस कधी उघडायचं, किती उघडायचं, बांधाची डागडुजी कोणी करायची हे पूर्वापार गावकरीने, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेने, मिळून ठरवायचं असायचं, एकट्यादुकट्याच्या हातात ते नव्हतं, कारण एकाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान एकाच फळीवर अवलंबून. जिथे ही व्यवस्था मोडली आणि मानशीवर मासळी-कोळंबी धरायचा ठेका घेतलेल्या माणसाने आपल्या सोयीने खारं पाणी आत घेतलं, तिथे भातशेती पडीक झालेली गोव्यात कितीतरी ठिकाणी बघायला मिळते. दरवाज्याची कारागिरी उत्तम होती, तिच्यात खोट नव्हती. उजेड अडवायच्या तंत्रज्ञानाबद्दल इंजिनियर जेव्हा फक्त विमानाची उंची आणि कणाचा आकार बोलतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं की ठेका कोणाकडे आहे.

म्हणून सुरक्षित आणि जबाबदार पद्धत म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे काय, तर आधी कॉम्प्युटर मॉडेल, तीही एक-दोन नव्हे, वेगवेगळ्या देशांची, आणि त्यात मान्सूनवर वेगळं लक्ष देणारी. मग बंद प्रयोगशाळा. मग गरज असेल तरच उघड्यावरचा प्रयोग, एवढा छोटा की हवामानावर त्याचा परिणाम मोजताही येऊ नये, फक्त कण कसे वागतात ते कळावं, आणि त्याची माहिती आधी, स्थानिक भाषेत, ज्यांच्या डोक्यावर होणार त्यांना. आरियाने निदान कागदावर हे मान्य केलंय, बाहेरच्या प्रयोगाआधी पर्यावरण परिणामाचा अभ्यास प्रसिद्ध करायचा आणि स्थानिक लोकांशी बोलायचं. कणाची रचना, पैसा कोणाचा, निकाल चांगला-वाईट जो असेल तो, सगळं उघड. ज्याला विकून नफा करायचाय त्याने सुरक्षिततेचा निकाल द्यायचा नाही, ते काम वेगळ्या लोकांचं. आणि छोट्या प्रयोगाची परवानगी म्हणजे मोठ्याची परवानगी नव्हे, प्रत्येक पायरीला परत विचारायचं, आणि नाही म्हणण्याची सोय खरी असायला हवी. हा सगळा वेळखाऊ कारभार आहे हे मान्य. पण कार्बन कमी करायचं काम यासाठी थांबवायची गरज नाही, ते या अभ्यासाच्या निकालाची वाट बघत नाही.

एक प्रश्न मात्र असा आहे की ज्याचं उत्तर कुठलंही मशीन देत नाही, तो म्हणजे नुकसान झालं तर ते फवारणीमुळे झालं हे ठरवायचं कसं. २०२५ चं उदाहरण घ्या. केरळात मान्सून २४ मे ला पोचला, २००९ नंतर इतका लवकर पहिल्यांदाच, आणि आपल्याकडेही लोक पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीत आणि सुकी मासळी वाळवण्यात असतानाच पाऊस कोसळायला लागला. निसर्गात असं होतं, एखादं वर्ष लवकर, एखादं उशिरा, कधी एल निनोने जून कोरडा. पण त्या वर्षी कुठल्यातरी देशाने आकाशात कण सोडलेले असते तर? आपण म्हटलं असतं त्यांच्यामुळे झालं, ते म्हणाले असते निसर्गाने झालं, आणि दोघांपैकी कोणालाच सिद्ध करता आलं नसतं, कारण मान्सून मुळातच इतका वरखाली होतो की त्यात असा बदल वेगळा ओळखायला अनेक वर्षांची मोजमापं लागतात. दोन शेजारी देशांत अशा संशयावरून काय होऊ शकतं याची कल्पना करायला फार डोकं लावावं लागत नाही.

त्यामुळे मोजायचं काय, कोण मोजणार, आणि कुठला आकडा ओलांडला की फवारणी कमी करत थांबवायची, हे पहिला किलो वर जायच्या कितीतरी आधी लिहून ठरलेलं पाहिजे, आणि मोजणारे फवारणाऱ्यांचे नोकर नकोत. आपल्याकडे ही माणसं आहेत. वास्कोत ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली एनआयओ आहे, पुण्याला आयआयटीएम मान्सूनच्याच अभ्यासाला वाहिलेली आहे, बेंगळुरूला बाला यांचा गट आहे. नैरोबीत किंवा आणखी कुठे पुढच्या वेळी हा ठराव येईल तेव्हा भारताच्या शिष्टमंडळाकडे यांनी केलेला, आपल्या पावसाचा, जिल्ह्याजिल्ह्याचा हिशोब हातात असायला हवा, आणि तो हिशोब इंग्रजी जर्नलच्या आधी नाहीतर निदान बरोबरीने मराठी-कोकणीत पंचायतींपर्यंत यायला हवा, म्हणजे काणकोणच्या किंवा पेडण्याच्या शेतकऱ्याला ग्रामसभेत उभं राहून त्यावर प्रश्न विचारता येईल.